दोनशे सतरा नंबरचा निरोप

आधीच सांगून टाकतो, मी या वाटेचा माणूस नाही. अंगात येणं, नजर लागणं, पिंपळावरची हडळ... असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी वायरिंग तपासा." धंद्याने कॉम्प्युटरवाला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट घडते ती कुणीतरी तसं लिहून ठेवलेलं असतं म्हणून. हे मला आजही पटतं, आणि म्हणूनच या अनुभवाचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालंय.

आजवर कुणाला सांगितलं नाही—बायकोलासुद्धा नाही. कारण हे सांगायचं तर आधी माझा एक नीचपणा सांगावा लागतो. तो वगळला तर गोष्टीत काही उरतच नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी नोकरीला होतो. नाव सांगत नाही. श्रीरामपूरहून एस.टी.ने तासाभराचा रस्ता, एवढं पुरे. शेतकी ऑफिसच्या मागे आमची कॉम्प्युटरची खोली—तीन मशीन, एक खडखडणारा प्रिंटर, एक कूलर आणि दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. पाटी मीच लावलेली. आठ वर्षं त्या खोलीत माझंच राज्य होतं. चेअरमन आले तरी चपला काढायचे.

मग दिवाळीच्या आधी मनीषा साळवे आली. पुण्यातून एम.सी.ए. केलेली, वडील श्रीरामपूरला प्राथमिक शिक्षक. वय चोवीस-पंचवीस. मला "बोरुडे सर" म्हणायची, अगदी आदराने. आणि तो आदरच माझ्या डोक्यात जायचा.

खोटं कशाला बोलू, जळायचो मी तिच्यावर. दिवसभर जळायचो. म्हस्के साहेब—आमचे शेतकी अधिकारी—आठ वर्षांत माझ्या टेबलापाशी चार वेळा आले असतील. तिच्याकडे रोज. "काय साळवे मॅडम, चहा घेतला का?" मला कधी विचारलं नाही चहाचं! गट ऑफिसचे क्लार्क तिला मॅडम म्हणायचे, मला 'कॉम्प्युटरवाले'. तिच्या डब्यातली मेथीची भाजीसुद्धा माझ्या बायकोच्या भाजीपेक्षा चांगली निघायची, आणि तिने वाढली की मी "पोट भरलंय" म्हणायचो. माझ्या या जळण्यात ती बौद्ध असण्याचाही वाटा होता. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. आज करतो.

आता कामाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कारखान्याचा ऊस गावोगावी पसरलेला. प्रत्येक भागाला एक गट ऑफिस. कुठल्या शेतात कुठली टोळी तोडतेय, किती ट्रॅक्टर भरले, हे गट ऑफिसने कारखान्याला कळवायचं. पूर्वी कागद मोटारसायकलवर यायचे. त्या वर्षी साहेबांनी प्रत्येक गटाला एक कॉम्प्युटर आणि मोडेम दिला. पण खेड्यातली फोनची लाइन... लागली तर लागली. म्हणून ठरलं, मेसेज क्यू वापरायची. म्हणजे निरोपांची रांग. क्लार्कने निरोप टाकला की तो त्याच्या मशीनवर रांगेत बसतो, लाइन लागली की आमच्या मशीनवरच्या रांगेत येतो, आणि आमचा प्रोग्राम तिथून एकेक उचलून नोंद करतो. नोंद झाली की शेतकी ऑफिसातल्या प्रिंटरवर कागद निघतो.

या रांगेशी बोलायच्या वाटा दोन. एक माझी—सी भाषेतून रांगेला थेट आज्ञा द्यायच्या, बारीकसारीक सगळं आपल्या हाताने भरायचं. दुसरी तिची—व्हिज्युअल बेसिकमध्ये तयार कंपोनंट घ्यायचा, दहा ओळींत काम. साहेबांसमोर मीटिंग झाली. मी तासभर बोललो. गती, ताकद, कंट्रोल, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "सर, दिवसाला दोन-अडीचशे निरोप. एवढी गती कशाला लागतेय आपल्याला? आणि उद्या तुम्ही रजेवर गेलात, तर तुमचं सी कोण दुरुस्त करणार?"

साहेब हसले. "हे बरोबर आहे. बोरुडे आजारी पडला की कारखाना आजारी!"

आता, मी आजारी पडल्यावर कारखाना अडावा हीच तर माझी आठ वर्षांची कमाई होती हो! घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघून नको म्हणतात तसं साहेबांनी माझं काम बाजूला सारलं.

दुसरा वाद ट्रान्झॅक्शनचा. तिचं म्हणणं असं, की निरोप रांगेतून उचलणं आणि त्याची नोंद करणं या दोन कामांची एकच गाठ मारायची. दोन्ही झाली तर झाली. मध्ये लाइट गेली, मशीन अडकलं, तर दोन्ही रद्द—निरोप आपोआप परत रांगेत. गाठ नसेल तर उचलल्याबरोबर निरोप रांगेतून पुसला जातो आणि नोंदीआधी लाइट गेली की तो कायमचा गेला. मी म्हणालो, "कशाला एवढा खटाटोप, मशीन हळू चालेल." साहेबांनी पुन्हा तिचंच ऐकलं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी तिने सगळ्या गटांच्या क्लार्कना बोलावून घेतलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "स्क्रीनवर 'पाठवला' दिसलं की निर्धास्त राहा. तो निरोप पोचणारच."

पोचणारच म्हणे! मी मागे उभा राहून मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

पण नऊ दिवस झाले, नव्वद व्हायला आले, तिची गाडी सुरळीत. मग एक दिवस कानावर आलं, की 'सिस्टिम इनचार्ज' अशी नवी जागा काढतायत आणि ती मॅडमना द्यायचं साहेबांच्या मनात आहे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सोमवारी ती जेवायला गेली होती. मी तिचं मशीन उघडलं. निरोप उचलायच्या ओळीत ट्रान्झॅक्शनच्या जागी एकच शब्द बदलला—ट्रान्झॅक्शन नाही. एक शब्द, मंडळी. प्रोग्राम पुन्हा बनवला, चालू केला. बघणाऱ्याला फरक काहीच दिसत नव्हता. डाव साधा होता. लाइट कधीतरी जाणार, एखाद-दुसरा निरोप हरवणार, कुठल्यातरी गटाचा ट्रॅक्टर चुकीच्या शेतावर जाणार. मग साहेब विचारणार, "काय मॅडम, पोचणारच होता ना?" बस, एवढंच मला ऐकायचं होतं.

मंगळवार. मनीषा सकाळपासून एका गट ऑफिसला मोडेम बघायला गेलेली. खोलीत मी एकटा. दुपारचे सव्वाबारा. तिच्या प्रोग्रामच्या खिडकीत नंबर सरकत होते... २१५ उचलला, नोंद झाली. २१६ उचलला, नोंद झाली. २१७ उचलला—

आणि लाइट गेली.

कारखान्यात राहिलेल्यांना माहीत असेल. आमची वीज आमच्याच टर्बाइनची. टर्बाइन ट्रिप झाली की नुसती लाइट जात नाही, सगळा कारखाना गप्प होतो. हंगामात रात्रंदिवस कानात असलेली घरघर एकदम थांबते आणि बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येतो. आमच्या यू.पी.एस.ची बॅटरी तर कधीच बसलेली. स्क्रीन काळा झाला, आणि मला—लाज वाटते सांगायला—हसू आलं. २१७ गेला होता. उचलला होता, नोंद नव्हती, गाठ नव्हती.

वीस-पंचवीस मिनिटांनी लाइट आली. मशीन चालू केलं. आधी नोंदी बघितल्या, शेवटची २१६. मग रांग बघितली. शून्य. उचललेल्या निरोपांची प्रत ठेवायची सोय बंद होती, तेही तपासलं. समाधानाने बाहेर जाऊन कॅन्टीनचा चहा घेतला. चहा इतका गोड लागला की विचारू नका.

परत आलो तर रांगेत एक निरोप. म्हटलं २१८ असेल. बघतो तर २१७.

मला वाटलं गटाच्या क्लार्कने पुन्हा टाकला. पण प्रत्येक निरोपाला पाठवणारं मशीन एक लांबलचक ओळखक्रमांक देतं. तोच मजकूर पुन्हा टाकला तरी क्रमांक नवा पडतो. पहिल्या वेळचा क्रमांक माझ्याकडे होता—लाइट जायच्या आधी तो खिडकीत होता, आणि साहेबांना दाखवायला पुरावा हवा म्हणून मी अंधारातच, आठवणीत ताजा असताना, उसाच्या पावतीच्या पाठीवर त्याची शेवटची आठ अक्षरं उतरवून ठेवली होती. ताडून बघितलं. तोच! पाठवल्याची वेळही तीच.

मी प्रोग्राम चालू केला. २१७ उचलला—आणि पुन्हा लाइट गेली.

या वेळी फक्त आमच्या खोलीतली. कारखाना बाहेर धडधडत होता. शेजारी शेतकी ऑफिसात पंखे फिरत होते. मी दारात उभा राहून तिकडे बघत राहिलो. मिनिटभराने लाइट आपोआप आली. फ्यूज बघितला, शाबूत होता. नोंदी? शेवटची २१६. रांग? एक. २१७.

प्रोग्राम चालू केला. तो नुसता थांबून राहिला. रांगेत एक दिसतोय आणि प्रोग्राम म्हणतोय, निरोप नाही. बंद केला, पुन्हा चालू केला. निरोप नाही. मग मी माझा प्रोग्राम काढला—सीमधला, मीटिंगमध्ये नाकारलेला, माझा लाडका. त्याच्याकडूनही तेच. रांग म्हणते एक आहे, माझा प्रोग्राम म्हणतो काही नाही.

जाणकार लगेच म्हणतील—हात्तिच्या! दुसरं एखादं ट्रान्झॅक्शन तो निरोप धरून बसलं असेल, म्हणून बाकीच्यांना दिसत नव्हता. बरोबर आहे. असं होतं. मलाही तेव्हा हेच सुचलं. पण धरून बसलं होतं कोण? मशीन नुकतंच उठलेलं. त्याच्यावर आमच्या दोघांच्या प्रोग्रामशिवाय तिसरं काही नव्हतं, आणि तिच्यातली गाठ मीच काढून टाकलेली, माझ्यात ती कधी नव्हतीच.

कूलर चालू होता आणि मी घामाने निथळत होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पण कुणाच्या तरी हातातली वस्तू आपण ओढतोय आणि तो सोडत नाहीये असं वाटत होतं. शेवटी मी तिचा कोड उघडला आणि सोमवारी बदललेला शब्द परत होता तसा केला. का केलं, विचारू नका. चांगुलपणाने नाही, घाबरून केलं. प्रोग्राम बनवला, चालू केला.

२१७ उचलला. नोंद झाली.

शेजारी प्रिंटर खडखडला. आणि लगेच म्हस्के साहेबांचा आवाज आला, "अरे जीप कुठाय? ड्रायव्हरला हाक मारा!"

मी धावत गेलो. कागद साहेबांच्या हातात होता. वर फक्त गटाचं नाव. टोळी, शेत, ट्रॅक्टर या रकान्यांत काही नाही. खाली शेऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: 'पाथर्डीची टोळी. बाई अडली आहे. पाय आधी आलेत. जीप लगेच पाठवा.'

वेळ बारा वाजून चौदा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच झाले होते.

जीप गेली. बाईला—कमल नाव तिचं, पहिलटकरीण, नवऱ्याबरोबर ऊस तोडायला आलेली—फडातून उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. दोघी वाचल्या. मुलगी झाली. ड्रायव्हरने येऊन सांगितलं की डॉक्टर बोलले, अजून अर्धा तास झाला असता तर दोघींपैकी एकच मिळाली असती, कदाचित तीही नाही. पाऊण तास मी खाल्ला होता, हे मला एकट्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून, निरोप जिथून आला त्या गट ऑफिसला गेलो. क्लार्क खंडूभाऊ, पन्नाशीचा माणूस. सहज विचारल्यासारखं विचारलं, "खंडूभाऊ, कालचा निरोप तुम्ही दोनदा टाकला काय?"

"न्हाई हो. एकदाच टाकला. कारखान्याला फोन लावून लावून बोटं दुखली, सारखा एंगेज. मंग मशिनीत टाकला. 'पाठवला' दिसलं आन् लगीच लाइनच मेली. उसाच्या ट्रकनं तार तोडली पुलापाशी. अजून मेलेलीच हाय, बघा." त्याने फोन उचलून माझ्या कानाला लावला. काही नाही, साधी खरखर पण नाही.

"मग तुम्ही स्वतः का नाही आलात सांगायला?"

"आलो असतो की. लुना हुती. पण म्याडम म्हनल्या हुत्या, 'पाठवला' दिसलं की निर्धास्त राहायचं. म्हनून मी त्या बाईपाशीच थांबलो, पानी गरम करून दिलं." मग तोच म्हणाला, "पोचला ना पन? मंग झालं की!"

मला तिथून उठवेना. हा माणूस तिच्या शब्दावर विसंबून बसला होता, आणि त्या शब्दाच्या पोटातली गाठ मी सोडून ठेवली होती.

आठ-दहा दिवसांनी टोळीचा मुकादम पेढे घेऊन आला. थेट मनीषाच्या टेबलापाशी. "म्याडम, तुमच्या मशिनीनं लेकरू वाचिवलं. लई उपकार झाले. पोरीचं नाव तुमचंच ठिवलंय."

सगळं ऑफिस जमलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. इनचार्जची जागा त्याच आठवड्यात तिला मिळाली. आणि मी... तुम्हाला वाटेल मी सुधारलो. छे! एक बाई माझ्यापायी मरता मरता वाचली, डोळ्यांदेखत आक्रीत घडलं, आणि तरीही पेढ्याचा खोका समोर आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की नावसुद्धा हिचंच! आणि त्याहून खोल टोचलं ते असं, की जे काही त्या दिवशी खोलीत होतं, त्यानेही तिचीच बाजू घेतली. माझ्या सीला हात लावू दिला नाही. मी पेढा घेतला नाही. "डायबेटिस आहे," म्हणालो. डायबेटिस मला आजही नाही.

पुढल्या वर्षी तिला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे तिचा निरोप घेऊन गेले. ती खोलीत किल्ल्या द्यायला आली.

"सर, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"मी रोज संध्याकाळी बॅकअपची फ्लॉपी करायचे, तुम्हाला माहीतच आहे. पेढे आले त्या आठवड्यात मला त्या मंगळवारचा कोड बघायचा होता, चुकून आदल्या सोमवारची फ्लॉपी उघडली." ती टेबलाकडे बघून बोलत होती. "त्यात ट्रान्झॅक्शन काढलेलं होतं. मंगळवारच्या फ्लॉपीत परत घातलेलं. मी त्या दोन दिवसांत त्या ओळीला हात लावला नव्हता."

मी खुर्ची धरली.

"साहेबांकडे जायला निघालेही होते. दारापर्यंत गेले. मग विचार केला, ट्रान्झॅक्शन नव्हतं म्हणजे लाइट गेल्यावर तो निरोप नक्की हरवला असणार. तरी तो नोंदीत आला. खोलीत तुम्ही एकटे. म्हणजे तुम्हीच तो वाचला होता आणि तुम्हीच बसून परत टाकलात. ओळही नीट केलीत." तिने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "चूक कुणाच्याही हातून होते, सर. पण ती निस्तरायला सगळेच बसत नाहीत. ती बाई तुमच्यामुळे वाचली. मुकादम पेढे घेऊन आला तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले. मला माफ करा."

मंडळी, तो निरोप मी वाचला नव्हता. मी फक्त नंबर बघितला होता. त्यात काय आहे हे मला कागद छापून निघेपर्यंत माहीत नव्हतं. मी तो टाकला नाही, टाकणं शक्यच नव्हतं. त्यानंतर मी कितीदा त्या रांगेची पुस्तकं वाचली, पुढे मोठ्या शहरात याच विषयात नोकरी केली, माझ्याहून हुशार लोकांना आडून आडून विचारलं. पुसलेला निरोप त्याच ओळखक्रमांकाने परत कसा येतो, ते कुणीही सांगू शकलं नाही. आजही मला कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी हे सगळं मी तिला सांगू शकत होतो. तिच्याइतकं ते समजून घेणारं दुसरं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती.

मी म्हणालो, "हो. मीच टाकला."

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी लावू दिला.